गोठा नावावर होतो म्हणजे नेमकं काय होतं?

या भागाचा हा लिहिलेला मजकूर. हेडफोन घरी विसरला असाल तर एसटीत बसून निवांत वाचा.

मी खोडदचा. हो, तेच जीएमआरटीवालं खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले रेडिओ तरंग टिपत बसतात, त्याच शिवारात आमच्या काकांचा गोठा आहे. ९ संकरित एचएफ गाई. मी बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. गेल्या दिवाळीत काका म्हणाले, "गुडघे ऐकत नाहीत आता. गाई बाजारात नेतो, नाहीतर तुम्ही सांभाळा." आई लगेच म्हणाली, "बाजारात कशाला? आपण घेऊ."

मला वाटलं, पैसे दिले की झालं. तसं नसतं. आम्ही काय शिकलो ते सांगतो.

पहिलं: दूध बघू नका, वेत बघा

काका म्हणाले, रोज ९० लिटर निघतं. मी लगेच एक्सेल उघडून ९० गुणिले ३६५ केलं. काका हसले. "गाय म्हणजे काय नळ आहे का?"

गणित असं आहे. गाय व्याली की दूध चढत जातं, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरतं. पुढच्या वेताआधी साधारण ६० दिवस तिला आटवावं लागतं. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी गाय वर्षातले दोन महिने दूध न देता खाते. आमच्या ९ गाईंपैकी एक-दोन कायम आटलेल्या धरायच्या. सगळ्या गाई नुकत्याच व्यालेल्या असताना कुणी गोठा दाखवला, तर तो आकडा वर्षभर टिकत नाही. म्हणून प्रत्येक गाईचं विचारा: कितवं वेत, कधी व्याली, कधी भरवली, गाभण तपासली का?

दुसरं: बिलाची मागची बाजू

गाईच्या दुधाचा दर सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात. त्याखाली गेलं की पैसे कापतात. त्यामुळे तोंडी दर ऐकू नका, निदान सहा महिन्यांची दहा-दहा दिवसांची बिलं मागा. एसएनएफ सारखा पडत असेल तर खुराकात कमी आहे किंवा कासेत आजार दडलाय. दगडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधीच सीएमटी चाचणी करता येते. चार सडांचं थोडं थोडं दूध चार खळग्यांत घ्यायचं, तेवढंच द्रावण घालून हलवायचं. चिकट झालं तर त्या सडात गडबड आहे. आमच्या दोन गाई अशा निघाल्या.

आणि कपातीचा रकाना! तिथे आम्हाला ४०,००० रुपयांची उचल सापडली. काकांनी पशुखाद्यासाठी घेतलेली, घरात कुणाला न सांगता. ती पुढच्या बिलांतून, म्हणजे आमच्या पैशातून कापली जाणार होती. बाबा दोन दिवस भावाशी बोलले नाहीत. काका लाजेने गप्प. शेवटी काकूच म्हणाली, "ती रक्कम किमतीतून वजा करा, पण नातं वजा करू नका." तसंच केलं. हे व्यवहाराआधी कळलं म्हणून निभावलं. नंतर कळलं असतं तर दोन घरं तुटली असती.

तिसरं: कानातला बिल्ला

गाईला सातबारा नसतो. ती जंगम मालमत्ता. स्टॅम्प पेपरवर गाईंच्या वर्णनासकट विक्रीचा करार केला, दोन साक्षीदार घेतले. गोठ्याखालची जागा काकांच्याच नावावर ठेवली आणि भाड्याचा वेगळा करार केला.

पण खरी मालकी डेटाबेसमध्ये असते. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो, त्यापुढे मालकाचं नाव. २०२४ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा हा बिल्ला आणि मालकाचं बँक खातं जुळणं गरजेचं होतं. विम्याचंही तसंच. बिल्ला नसेल तर दावा अडतो, आणि पॉलिसीवर जुन्या मालकाचं नाव राहिलं तरी अडचण. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्या, त्याच आठवड्यात.

जुन्नरकरांसाठी जादा सूचना: बिबट्याचा खर्च धरा. वासरांच्या खोलीला वरून-खालून जाळी आणि रात्री बंद होणारं दार हवंच.

चौथं: नाव कुणाचं?

भिलवडीत १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दूधव्यवसाय सुरू केला. पुढच्या पिढीने १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधूंचं दुकान काढलं. पुढची पिढी येते तेव्हा धंदा कुठेतरी वळतोच. आमच्याकडे मी ॲप बनवायला निघालो होतो. आई म्हणाली, "आधी सांग, धारा कोण काढतं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षं पहाटे पाचला काकू उठली, शेण तिनं काढलं, धारा तिनं काढल्या. बिल मात्र काकांच्या खात्यावर. आता डेअरीतलं खातं आईच्या नावावर आहे. आणि काकूनं एकच मागितलं: तिसऱ्या वेताची कपिली तिच्या स्वतःच्या नावावर राहू दे. त्या गाईचं दूध आता वेगळ्या कॅनमधून, वेगळ्या कोडवर जातं. पहिलं बिल आलं तेव्हा काकूनं मला फोन केला. रक्कम सांगितली, मग म्हणाली, "मेसेज जपून ठेवायचा कसा रे?"

स्क्रीनशॉट कसा काढायचा ते मी फोनवरच शिकवलं.

तुमच्या घरी दुधाचं बिल कुणाच्या नावावर येतं? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात मुरघास. तोपर्यंत राम राम!