कुंपणाबाहेरची पहिली मिनिटे
मराठवाड्याला 1993 साल आठवते ते 30 सप्टेंबरच्या पहाटेमुळे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. त्याच्या पाच महिने आधी, 26 एप्रिलला, औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले. 118 जणांपैकी 55 दगावले. चौकशीने वैमानिकांच्या चुकीबरोबरच रस्त्यावरची वाहतूक रोखली न गेल्यावरही बोट ठेवले. या दोन घटनांचा अभ्यास आपण कधी एकत्र केला नाही. तो करायला हवा होता, कारण दोन्हींत प्रश्न एकच होता: सरकारी पथक येईपर्यंत जागेवर असलेल्या माणसांना काय येते?

विमानतळाच्या आत याचे उत्तर तयार असते. आंतरराष्ट्रीय निकषानुसार अग्निशमन पथकाने धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचायचे असते आणि दर दोन वर्षांनी पूर्ण सराव करायचा असतो. कुंपण ओलांडले की ही हमी संपते. 1962 च्या जुलैत अलिटालियाचे विमान मुंबईपासून ऐंशी किलोमीटरहून दूर, जुन्नरच्या डोंगरात आदळले. 94 पैकी एकही वाचला नाही. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत प्रशिक्षणार्थी विमान शेतात उतरले. म्हणून महामार्गावरच्या जळकोटसारख्या गावात विमान अपघाताचे प्रशिक्षण द्यायचे म्हटले की येणारा ‘जळकोटला कुठे विमानतळ आहे?’ हा आक्षेप टिकत नाही. शिवाय जवळच्या सोलापुरातून जून 2025 पासून प्रवासी विमाने पुन्हा उडू लागली आहेत.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो वजनदार आहे: इतक्या दुर्मीळ अपघातासाठी गावकऱ्यांना का शिकवायचे? फक्त विमानासाठी वेगळे पथक उभारणे खरोखरच उधळपट्टी ठरेल. पण जळकोट सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. उलटलेला टँकर, चेपलेली बस, भूकंपाचा ढिगारा यांसाठी लागणारे शिक्षण बव्हंशी तेच आहे: रक्तस्राव थांबवणे, मान-पाठ न हलवता माणूस बाहेर काढणे, कोणाला आधी न्यायचे हे ठरवणे. 2016 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे देशातल्या 350 जिल्ह्यांसाठी विस्तारलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत यातले बरेच बारा दिवसांत शिकवले जाते. विमानासाठी वर घालायचे ते थोडेच. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने जायचे, सांडलेल्या इंधनापासून दूर राहायचे, जळालेल्या कार्बन तंतूंची धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही, लढाऊ विमानाच्या वैमानिकाच्या आसनाला हात लावायचा नाही कारण त्याखाली स्फोटके असतात. आणि माणसे सोडवण्यापुरते सोडून अवशेष हलवायचे नाहीत. चौकशीचा नियमही तेच सांगतो.

‘अर्धवट शिकलेले लोक मदतीपेक्षा अडथळाच करतात’ असे अनुभवी अधिकारी म्हणतात. त्यांची भीती पोकळ नाही. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या विमान अपघातात तर प्रशिक्षित दलाच्याच गाड्या फेसाखाली पडलेल्या मुलीवरून गेल्या. पण लोक येणारच आहेत, हे त्या भीतीत धरलेले नसते. 7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून विमान खाली घसरले तेव्हा कोरोनाच्या भीतीला न जुमानता शेजारचे रहिवासी पावसात धावले आणि स्वतःच्या गाड्यांतून जखमी हलवले. 190 पैकी 21 जण गेले. त्या धावपळीला शिस्त देणारी चार माणसे गर्दीतच असणे हे गर्दीला पांगवण्यापेक्षा जास्त उपयोगाचे. अमेरिकेतल्या सू सिटीने 1987 मध्ये मोठ्या विमानाच्या अपघाताचा सराव केला होता. दोन वर्षांनी खरेच विमान कोसळले आणि 296 पैकी 184 जण वाचले. सगळे श्रेय सरावाला देणे चूक, पण रुग्णालये आणि पथके एकमेकांना ओळखत होती, हे त्या सरावाचेच फळ.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरेला आहे, जळकोटपासून तीनशे किलोमीटरहून दूर. ती येईल आणि उत्तम काम करील, पण काही तासांनी. तोवर नळदुर्ग, जळकोट, येणेगूरच्या तरुणांनाच निभावून न्यायचे आहे. सोलापूर विमानतळाच्या पुढच्या पूर्ण सरावात महामार्गावरच्या या गावांतले स्वयंसेवक बोलवावेत, आणि त्यांच्या शिक्षणाची दरवर्षी उजळणी व्हावी. एकदा दिलेले प्रमाणपत्र तीन वर्षांनी हातांना कशाची आठवण करून देत नाही.