जुलाब आणि शेजारणीचा शब्द

जुलाब लागले की मुलाचे पाणी बंद करायचे, हा समज माझ्या दवाखान्यात अजून येतो. पंचवीस वर्षे मी रागावलो. आया मान डोलावून गेल्या आणि घरी पाणी बंदच केले.

आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावातल्याच बायका, पुष्कळशा निरक्षर, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. शेजारीण बोलली की सासूही ऐकते. आमची पदवी तिथे कमी पडते!

आता मीही आधी विचारतो, ‘घरी काय करता?’ मग सांगतो: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट हवेत. अंगावर पाजणे थांबवू नका. मूल सुस्त पडले, लघवी थांबली, तर रात्र असली तरी निघा.