पाच बटणांची गिटार आणि भजनी ठेका

या गिटारीला एकही तार नाही. मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे, तारांच्या जागी खाली-वर हलणारी एक पट्टी आणि शेजारी छोटा दांडा. पडद्यावर एक रस्ता खेळाडूकडे सरकत येतो आणि त्यावरून रंगीत टिकल्या उतरत असतात. टिकली खालच्या रेषेवर आली, की डाव्या हाताने त्या रंगाचे बटण दाबून धरायचे आणि त्याच क्षणी उजव्या हाताने पट्टी हलवायची. जमले तर गाण्यातली गिटार वाजत राहते. चुकले तर तेवढ्यापुरती ती मुकी होते. चुका वाढत गेल्या, तर पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो उडवतात आणि गाणे मध्येच बंद पडते.

‘गिटार हिरो’ हा खेळ एवढाच. सोप्या पातळीवर तीनच बटणे लागतात, अवघड पातळीवर पाचही. सलग बरोबर वाजवत गेले की गुण चौपटीपर्यंत वाढतात. लांब टिकलीवर तो दांडा हलवला की सूर थरथरतो. मात्र सूर आधीच ध्वनिमुद्रित असतो, त्यामुळे बेसूर होण्याची सोयच नाही. खेळाडूच्या हाती राहते ती फक्त लय. म्हणून हा खेळ गिटार शिकवत नाही. तो मात्रा धरायला लावतो.

अशा तालावरच्या खेळांचे मूळ जपानमध्ये आहे. ‘पॅरापा द रॅपर’ १९९६ मध्ये आला. त्यानंतर कोनामी कंपनीने पुढच्या वर्षी ‘बीटमेनिया’, १९९८ मध्ये पायांनी खेळायचे ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आणि १९९९ मध्ये तीन बटणांच्या गिटारीचे ‘गिटारफ्रीक्स’ काढले. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकलेल्या ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरन एगोझी यांनी १९९५ मध्ये हार्मोनिक्स कंपनी स्थापन केली होती. वाद्य न येणाऱ्यालाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा ध्यास. रेडऑक्टेन कंपनीने गिटार बनवली, हार्मोनिक्सने खेळ रचला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर ‘गिटार हिरो’ अवतरला. २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाच्या विक्रीने १ अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडल्याचे तो प्रकाशित करणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीने २००९ मध्ये जाहीर केले.

उतारही तितक्याच वेगाने आला. एकामागून एक नवे भाग, प्रत्येकासोबत प्लास्टिकची महागडी वाद्ये आणि त्यात मंदी. लोकांच्या घरात गिटारी साचल्या, हौस आटली. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने या खेळाचा विभाग बंद केला. आपल्याकडे तर ही गिटार फारशी पोचलीच नाही. कन्सोल महाग, गाणी परदेशी रॉकची.

पण खेळ जे मागतो, ते बुलढाणा जिल्ह्यात आधीपासून मुबलक आहे. शेगावहून आषाढीसाठी पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळे सांगायला नको. पांढऱ्या वेशातले टाळकरी रांगेत चालतात आणि सगळ्यांचे टाळ एकदम पडतात. पावली खेळताना तर हाताचा टाळ आणि पायाचे पाऊल एकाच मात्रेला बांधलेले असते. ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’मध्ये पायाखालच्या बाणांवर जे साधायचे, ते इथे दिंडीत साधले जाते. भजनी ठेका आठ मात्रांचा. पखवाजी लय वाढवत नेतो, टाळकरी तिच्याबरोबर चढतात आणि अभंग संपताना सारे एकत्र समेवर येतात. ज्या मुलाने मंडळात बसून टाळ धरला आहे, त्याचा कान या खेळासाठी तयारच असतो. शिकायची ती बटणांची सवय.

त्यासाठी कन्सोल हवाच असे नाही. २००६ मध्ये फिनलंडच्या हौशी मंडळींनी ‘फ्रेट्स ऑन फायर’ नावाचा मोफत खेळ केला. त्यात संगणकाचा कीबोर्ड गिटारीसारखा आडवा धरून डाव्या हाताने एफ-१ ते एफ-५ दाबायचे आणि उजव्या हाताने एंटर. पुढे चाहत्यांनीच बनवलेला ‘क्लोन हिरो’ही मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. खेळण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, म्हणून वायरचा हेडफोन वापरावा. टीव्हीवर चित्र मागे पडते, म्हणून ‘गेम मोड’ लावून खेळातल्या कॅलिब्रेशनने मेळ जुळवून घ्यावा. हे केले नाही, तर तालात पक्का असलेला मुलगाही चुकतो आणि दोष स्वतःला देत बसतो. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार बटणे एकदम दाबली तर एखादे नोंदले जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

खरी गंमत याच्या पुढे आहे. ‘क्लोन हिरो’त स्वतःचे गाणे घालता येते. कोणत्या क्षणी कोणती टिकली पडेल, याच्या आराखड्याला खेळाडू ‘चार्ट’ म्हणतात. तो ‘मूनस्क्रेपर’ या मोफत प्रोग्रॅममध्ये बनतो. परदेशी गाण्याची लय बहुधा एकसारखी असते, भजनाची चढत जाते. त्यामुळे जिथे लय बदलते तिथे तिथे नवा वेग नोंदवावा लागतो. काम चिकाटीचे आहे, पण ते करता करता ठेक्याची मात्रा न् मात्रा ऐकावी लागते. नुसते खेळण्यापेक्षा हा रियाज मोठा.

तेव्हा खामगाव, मेहकर, चिखलीकडच्या मुलांनो, या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावच्या भजनी मंडळाची परवानगी घ्या, एक अभंग फोनवर नीट ध्वनिमुद्रित करा आणि त्याचा चार्ट बनवा. पखवाजीबुवांना शेजारी बसवा; सम कुठे आहे, हे त्यांच्याइतके कोणताही प्रोग्रॅम सांगू शकणार नाही.