‘यश’ या शब्दाचे दोन अर्थ आणि श्रीलंकेतील शांतिसेना

परदेशात सैन्य पाठवून केलेला हस्तक्षेप यशस्वी झाला की अयशस्वी, हा प्रश्न मुख्यतः राज्यशास्त्राचा आहे; भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती गैर म्हणता येणार नाही. परंतु मराठीत ही चर्चा करू लागताच पहिली अडचण उभी राहते ती ‘यश’ या शब्दाचीच. संस्कृतात ‘यशस्’ म्हणजे कीर्ती. योजिलेले कार्य तडीस जाणे, हा अर्थ मराठीत पुढे मुख्य होऊन बसला. तथापि जुना अर्थ पुरता गेलेला नाही. म्हणून एखादी मोहीम अयशस्वी म्हटली की तीत लढलेल्यांच्या शौर्यास बट्टा लावल्यासारखे वाटते, आणि उलट शौर्याच्या कथा सांगून कार्यसिद्धीचा प्रश्न सहज बाजूस सारता येतो.

भारतीय शांतिसेनेचे उदाहरण घेऊ. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबो येथे करार केला. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली. दरम्यान सुमारे १,२०० भारतीय सैनिक कामी आले. ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्याच मोहिमेत, ऑक्टोबर १९८७ मध्ये, जाफना येथील रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण सैन्याच्या गोळ्यांना बळी पडले. परतलेल्या जवानांच्या स्वागतास तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. कीर्तीच्या अर्थाचे ‘यश’ सुद्धा असे एकरंगी नसते.

कार्यसिद्धीचा निवाडा मात्र वेगळ्या पुराव्यावर व्हावयास हवा. आणि तो पुरावा म्हणजे सैन्य निघण्यापूर्वी कागदावर उतरलेला हेतू. येथे कराराचे परिशिष्ट पाहण्यासारखे आहे. गरज पडल्यास भारतीय शांतिपथकास राष्ट्राध्यक्षांनी पाचारण करावे, असे त्यात म्हटले असून पथकाच्या कार्याकरिता इंग्रजी मसुद्यात दोन क्रियापदे शेजारी शेजारी योजिली आहेत. पहिल्याचा अर्थ युद्धविरामाची हमी देणे, दुसऱ्याचा तो बळाने अंमलात आणणे. ही क्रियापदे एका कर्त्यास एकाच वेळी पेलणारी नाहीत. जामीन राहणारा दोन्ही पक्षांबाहेर उभा असतो. अंमल बसविणारा कोणाविरुद्ध तरी उभा राहतो. त्यातून करारावर सही दोन सरकारांची. ज्यांनी युद्धविरामानंतर ७२ तासांत शस्त्रे ठेवावयाची होती, त्या तमिळ वाघांच्या संघटनेची सही त्यावर नव्हतीच. ऑक्टोबर १९८७ च्या दुसऱ्या आठवड्यात युद्ध पेटले, हमीदार पक्षकार झाला, आणि नाव तेवढे ‘शांतिसेना’ राहिले. शस्त्रे खाली ठेवविण्याचा हेतू सिद्धीस गेला नाही. या मुद्द्यावर प्रस्तुत लेखकास संदेह वाटत नाही.

याउलट असे सांगितले जाते की, त्रिंकोमाली बंदर भारताच्या हितास बाधक होईल अशा रीतीने कोणत्याही देशास लष्करी वापरासाठी दिले जाणार नाही, हे आश्वासन तर मिळालेच. खरे आहे. पण ते सहीच्याच दिवशी, दोन्ही नेत्यांमधील पत्रांतून मिळाले. सैन्य देण्याची तयारी हा त्या सौद्याचा भाग होता असे फार तर म्हणता येईल. पुढील अडीच वर्षांच्या लढाईचे ते फळ नव्हे.

अधिक अवघड प्रकरण भाषेच्या कलमाचे आहे, आणि तेथे हा लेखक किंचित रेंगाळल्यास वाचकांनी क्षमा करावी. १९५६ च्या कायद्याने केवळ सिंहली ही राजभाषा झाली होती. करारात सिंहली राजभाषा असेल, तमिळ व इंग्रजी याही राजभाषा असतील, असे आले. नोव्हेंबर १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळ‘ही’ राजभाषा ठरविली व इंग्रजीस दुवा-भाषेचे स्थान दिले. मुख्य विधान एकवचनीच राहिले. तमिळ त्यास ‘ही’ या अव्ययाने मागून जोडली गेली. समतेचे विधान ‘आणि’ने झाले असते. तरीही त्या ‘ही’करिता तीस वर्षे झगडा चालला होता, हे ध्यानात घेतल्यास तिचे मोल कमी लेखवत नाही. भारताच्या दडपणावाचून ती त्या वर्षी घटनेत शिरली असती, असे मानणे कठीण. सरकारी कचेऱ्यांतून तमिळांना सिंहलीत पत्रे येण्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत, हा भाग निराळा.

मग निवाड्याची तारीख कोणती धरावयाची? मार्च १९९० मध्ये थांबलो तर एक उत्तर येते, राजीव गांधींची हत्या झाली त्या मे १९९१ मध्ये दुसरे. उत्तर व पूर्व प्रांतांचे विलीनीकरण २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने युद्ध संपविले. तारीख पुढे सरकवीत नेली की कोणत्याही मोहिमेस हवे ते विशेषण लावता येते. म्हणून हेतूबरोबर मुदतही मूळ दस्तऐवजातूनच घ्यावी. या करारात शस्त्रांना तासांची मुदत होती. सैन्याच्या परतीला कोणतीच नव्हती. जून १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी जुलैअखेर सैन्य परत न्यावे अशी मागणी केली, तेव्हा तिच्याशी ताडून पाहण्याजोगी तारीख दिल्लीच्या हाती नव्हती.