एकदाच खेळायचा वर्ल्ड कप आणि रोजचं मैदान

होमलेस वर्ल्ड कप या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो. खेळाडूला ती आयुष्यात एकदाच खेळता येते. 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ही स्पर्धा सुरू झाली. मैदानात एका बाजूचे चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव, चहूबाजूंनी कठडा असलेलं छोटंसं मैदान. कोण खेळू शकतं? बेघर माणूस, आश्रय मागणारा निर्वासित, आणि दारू किंवा ड्रग्जच्या व्यसनावर उपचार घेत असलेला, गेल्या दोनेक वर्षांत कधीतरी रस्त्यावर आलेला माणूसही. इतर ठिकाणी जे लपवायचं, ते इथे फॉर्मवर लिहायचं. पण एकदाच. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा कोणी जाणार.

मग परत आलेल्याने करायचं काय? वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्या ‘स्लम सॉकर’ संस्थेची गेली पंचवीस वर्षं चाळली तर या प्रश्नाचं सर्वांत टिकाऊ उत्तर एकच दिसतं. त्याने शिट्टी हातात घ्यायची.

सुरुवातीची गोष्ट आता पाठ झाली आहे. 2001 चा पावसाळा. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली काही पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी फुटबॉल दिला. पुढे झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली तर 128 संघ आले. नागपूरकराला हा आकडा ऐकून फारसं नवल वाटू नये. छावणीचं कामठी, रेल्वेच्या वसाहती, मोहननगरसारखी मैदानं, हे सगळं आपल्या शहराला फुटबॉल नवा नाही हेच सांगतं. नवं होतं ते बारसे सरांचं निरीक्षण. ही पोरं मैदानात असतात तेवढा वेळ पानठेल्यावर, जुगाराच्या फडावर किंवा रुळांकडेला नसतात. एवढंच. त्यात व्यसनमुक्तीचा सिद्धांत वगैरे नव्हता. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी बोखाऱ्याला जमीन घेतली. मुलगा अभिजित अमेरिकेतलं शिक्षण-संशोधन सोडून परतला आणि हौशी उपक्रमाची संस्था झाली.

या कामाचा चेहरा म्हणून देशाला माहीत झाला तो अखिलेश पॉल. 5 ऑक्टोबर 2014 ला ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात त्याने आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगितली. लहान वयात लागलेली व्यसनं, गुन्हे, मागावर असलेले पोलीस, आणि लपायला जागा शोधताना गाठ पडलेलं मैदान. 2010 साली रिओ द जानेरोला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये तो भारताच्या संघाचा कर्णधार होता. परत आल्यावर प्रशिक्षक झाला. टीव्ही पाहणाऱ्यांना रिओ लक्षात राहिलं. मला मात्र त्याच्या हकिगतीतला महत्त्वाचा भाग रिओनंतरचा वाटतो. विमानात चढून जाणं हा आठवडाभराचा सोहळा. परत त्याच वस्तीत उतरून, जुन्या ओळखीच्या नाक्यावरून रोज संध्याकाळी चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून जाणं ही खरी परीक्षा.

व्यसन सोडणाऱ्याला सर्वांत जड जाते ती संध्याकाळ. दिवस कामात किंवा झोपेत निघतो. पाच-साडेपाच झाले की हात, पाय आणि डोकं तिघेही जुन्या वेळेला जुन्या ठिकाणी निघतात. नागपुरात तर वाटेत प्रत्येक कोपऱ्यावर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा बसलेला. 2012 साली राज्यात गुटखाबंदी आली, पण खर्रा काही हटला नाही. दारू सोडलेली कित्येक माणसं खर्ऱ्यावर उरलेली दिसतात आणि त्याला आपण व्यसन म्हणतही नाही. अशा वेळी सर वाट पाहत असतील, संघाला एक माणूस कमी पडेल, ही जाणीव उपदेशापेक्षा जास्त काम करते. प्रशिक्षकाच्या नात्यात आणखी एक सोय असते. तो व्यसनाबद्दल बोलत नाही. डाव्या पायाने पास दे, मागे बघ, धाप लागली तर बाजूला हो, एवढंच बोलतो. आई, बायको, पोलीस आणि समाजसेवक ज्याच्याशी फक्त व्यसनाबद्दलच बोलतात, त्याला असा माणूस मोलाचा वाटला तर नवल नाही.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने हीच गोष्ट वेगळ्या रस्त्याने शोधली. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावर अनिल अवचटांनी लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात दिला आणि 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने केंद्र सुरू झालं. तिथली पद्धत पाहिली तर दाखल असतानाचे पस्तीस दिवस ही फक्त पहिली पायरी असते. नंतरचा फॉलोअप, बायकांचा ‘सहचरी’ गट, व्यसनमुक्तीचा वाढदिवस, आणि एकेकाळी स्वतः तिथे पेशंट असलेले समुपदेशक, यांवर पुढचा सगळा भार. टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावरचे हाल, ज्याच्या अंगावरून गेलेत, त्याच्यासमोर थापा चालत नाहीत. अमेरिकेत ‘रिकव्हरी कोच’ नावाची अशी भूमिका आता रीतसर प्रशिक्षण देऊन तयार केली जाते. तो ना डॉक्टर, ना मानसोपचारतज्ज्ञ. बहुतेकदा त्या वाटेने आधी गेलेला. स्लम सॉकरच्या प्रशिक्षकांना हे नाव कोणी दिलं नाही, पण वस्तीतून आलेला आणि वस्तीतच शिकवणारा प्रशिक्षक त्याच्या अगदी जवळचा.

इथे कौतुक आवरावं लागतं, कारण मैदान म्हणजे उपचार नव्हे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत त्याला दवाखान्यात असायला हवं, धावायला नको. वस्तीतल्या पोरांच्या रुमालावर सोल्युशन घेऊन हुंगायच्या नशेचा धोका आणखी छुपा. त्या वाफेने हृदय इतकं हळवं होतं की नशा करून लगेच जोरात धावलं तर ते अचानक थांबू शकतं. म्हणजे ज्या पोराला मैदानात ओढायचं, त्यालाच त्या क्षणी पळवायचं नाही. रुमालाचा वास ओळखणं आणि त्या संध्याकाळी पोराला सावलीत बसवून ठेवणं हेही फुटबॉल प्रशिक्षकाला शिकवायला हवं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मुलांत 1.17 टक्के निघालं, मोठ्यांत 0.58. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकच नशा. मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या जिथे मोठी, त्या राज्यांत महाराष्ट्र आहे. त्याच पाहणीप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो.

दुसरी अडचण शिस्तीची. आपल्याकडचा क्रीडा प्रशिक्षक कडक असतो. उशिरा आलास, बाहेर. शिवी दिलीस, बाहेर. आणि व्यसनातून उठणारा माणूस घसरतो, एकदा नाही, अनेकदा. मुक्तांगणासारख्या ठिकाणी घसरणं हा बरं होण्याच्या वाटेवरचा टप्पा मानतात. कडक मैदानाच्या हिशेबात तो गुन्हा. पिऊन आलेल्याला सामन्यात उतरवायचं नाही, यात तडजोड नको. पण त्याला मैदानाबाहेर काढलं की तो थेट नाक्यावर पोचतो. माझ्या मते सामना बंद, मैदान चालू हा मधला मार्ग आहे. चुना टाक, गोल मोज, लहान पोरांना पाणी दे, उद्या ये. हे वाटतं तितकं सोपं नाही. ज्याने दोन वर्षं खपून गोलकीपर घडवला, त्याला उपांत्य सामन्याच्या सकाळी तोच गोलकीपर तर्र होऊन आलेला पाहून काय होत असेल! चिडून त्याला हाकलणाऱ्या प्रशिक्षकाला मी दोष देणार नाही. आणखी एक: सामना जिंकल्यावर होणारी ओली पार्टी. सहा महिने सुकं राहिलेलं पोरगं पराभवापेक्षा तिथे जास्त घसरतं.

2016 साली स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. मग 4 मार्च 2022 ला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. अमिताभ बच्चन बारसे सरांवर बेतलेल्या भूमिकेत, आणि भोवती नागपूरच्या वस्त्यांमधून निवडलेली पोरं. शहराने स्वतःला पहिल्यांदा एवढ्या मोठ्या पडद्यावर असं उघडंवाघडं पाहिलं. सिनेमा मला आवडला होता. पण ऑक्टोबर 2025 मध्ये त्यातल्याच एका तरुण नटाचा नागपुरात खून झाला. दारू पिताना मित्राशी झालेल्या वादातून, असं बातम्यांत आलं. ज्याच्यावर आरोप, तोही त्याच्याच संगतीतला. यात सिनेमावाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सिनेमाचं युनिट शूटिंग संपलं की जातं, तो त्याचा धर्मच आहे. पण त्या बातमीनंतर मागच्या पंचवीस वर्षांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. रिओ, टीव्हीचा पडदा, अमिताभ, हे सगळं पोरांच्या आयुष्यात एकदा येऊन गेलं. टिकले ते ज्यांना त्यानंतर रोज जायला जागा होती आणि रोज करायला काम होतं.

विदर्भात आपण दुसऱ्या वाटाही चोखाळल्या आहेत. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारातून 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालू आहे. बंदीने बाटली लांब जाते, हे मी मान्य करतो. पण ज्याने सोडली, त्याच्या रिकाम्या हातांचं काय, हे कायदा सांगत नाही.

आता नवं काही नको, एक जुनाच दुवा जोडायचा आहे. उपचार संपवून घरी निघालेल्या पोराच्या कार्डावर गोळ्यांची नावं आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. त्याच कार्डावर एक ओळ वाढवता येईल: संध्याकाळी कोणतं मैदान, कोणाकडे. त्यासाठी डॉक्टरांना वस्तीतल्या चार प्रशिक्षकांची नावं माहीत हवीत, आणि पोरगं दोन दिवस आलं नाही तर कोणाला फोन करायचा हे प्रशिक्षकाला. नशामुक्तीच्या केंद्रीय योजनेत समवयस्कांच्या मदतीचं काम कागदावर आहेच. त्यात पूर्वी खेळलेल्या, आता शिकवणाऱ्या या पोरांना महिन्याचं मानधन बसवायला कोणाची हरकत असेल, मला कळत नाही.