पडदा काळा, दोष कुणाचा?

गोंदियाहून बालाघाटकडे जाताना लागणारं हट्टा तिथल्या जुन्या दगडी बावडीसाठी ओळखलं जातं. अलीकडे अशा गावांत आणखी एका ठिकाणी लोकांची रांग लागते, ती म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात. टेबलावर एक डेस्कटॉप, शेजारी प्रिंटर. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की नेमका पडदा काळा पडतो आणि रांगेतलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘मॉनिटर गेला!’ मग तो पोत्यात बांधून तालुक्याला किंवा गोंदियाला न्यायची तयारी सुरू होते. मॉनिटर मात्र अनेकदा ठणठणीत असतो.

पडद्यावर चित्र उमटतं ते पाच टप्प्यांतून. सीपीयूच्या डब्यातला ग्राफिक्सचा भाग, केबल, मॉनिटरमधला सर्किट बोर्ड, द्रवस्फटिकांचं पॅनेल आणि पॅनेलमागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट. दोष शोधायचा तर ही साखळी मधोमध तोडायची आणि कोणता अर्धा भाग शाबूत आहे ते पाहायचं.

मॉनिटरची वीज चालू ठेवून फक्त चित्राची केबल काढा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ अशी पाटी आली, तर बोर्ड, पॅनेल आणि बॅकलाइट हे तिन्ही काम करताहेत. कारण ही पाटी मॉनिटर स्वतः तयार करतो, तिला सीपीयू लागत नाही. मॉनिटरच्या कडेचं मेनूचं बटण हीच परीक्षा घेतं. चित्र खराब पण मेनू स्वच्छ असेल, तर दोष केबलमध्ये, तिच्या सॉकेटमध्ये किंवा सीपीयूत शोधा. मेनूवरही रेघा आणि थरथर असेल, तर मात्र मॉनिटरच आजारी आहे.

वीज असल्याचा दिवा लागला, पण पाटीही दिसत नाही? खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरा. द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. ते खिडकीच्या झडपांसारखे मागचा उजेड अडवतात किंवा सोडतात. त्यामुळे बॅकलाइट विझला तरी झडपा आपलं काम करत राहतात आणि टॉर्चच्या उजेडात अक्षरं पुसट दिसतात. ती दिसली, तर पॅनेल वाचलं, दुरुस्ती दिव्याची किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या भागाची. जुन्या, बारीक ट्यूब असलेल्या मॉनिटरमध्ये चित्र दोन सेकंद झळकून गडप होतं, तेही याच आजाराचं लक्षण.

आता केबल. आयबीएमने १९८७ साली आणलेली १५ पिनांची व्हीजीए जोडणी छोट्या दुकानांत अजून टिकून आहे. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा या रंगांसाठी वेगवेगळ्या तारा असतात, म्हणून बिघाड रंगावरूनच ओळखता येतो. पांढरं पान आकाशी दिसलं तर लाल तार तुटली, जांभळट गुलाबी दिसलं तर हिरवी, पिवळं दिसलं तर निळी. आतली तार तांब्याची असते. तांबं मऊ खरं, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की ते कडक होत जातं आणि शेवटी तुटतं. म्हणून केबल बहुधा प्लगच्या मानेपाशी दगा देते. तिथे हलवल्यावर रंग येत-जात असेल तर नवी केबल घ्यावी.

याच केबलमधून मॉनिटर आपली ओळखही सीपीयूला सांगतो. किती ठिपके दाखवू शकतो आणि सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, याची ती माहिती असते. ओळखीची तार तुटली की संगणक अंदाजाने कमी ठिपक्यांचं चित्र पाठवतो आणि अक्षरं मोठी, भुरकट दिसतात. सेटिंगमध्ये कुणी मॉनिटरच्या कुवतीबाहेरचा वेग निवडला, तर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी येते. हा बिघाड नव्हे. विंडोज १५ सेकंद होकाराची वाट पाहून जुनी सेटिंग परत आणतं, तेवढा वेळ काही दाबू नका. व्हीजीएऐवजी एचडीएमआय जोडणी असेल, तर ती डिजिटल असल्याने तिथे एखादा रंग असा हरवत नाही. केबल खराब असेल तर ठिणग्यांसारखे ठिपके उडतात किंवा चित्र मधूनच जातं.

मॉनिटर आणि केबल निर्दोष ठरले, तर सीपीयूकडे वळा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच सॉकेटमध्ये आहे ना, ते आधी पाहा. पंखा फिरतो, बीप वाजते आणि पडदा कोरा राहतो, तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यावा. पावसाळ्यातली दमट हवा आणि धूळ यांचा थर संपर्कपट्ट्यांवर बसतो. वीज पूर्ण काढून, डब्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅम काढून पट्ट्या मऊ खोडरबरने हलकेच पुसा आणि खाचेत घट्ट बसवा.

मॉनिटर चालू व्हायलाच वेळ घेत असेल, तर कारण बहुधा वीजपुरवठ्यातला कपॅसिटर. त्यातला द्रव उष्णतेने आटतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तिथे मॉनिटरच्या मागच्या जाळीवर कापड टाकू नये. मात्र हा भाग घरी उघडू नका. २३० व्होल्टच्या विजेवर आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भारला जातो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहतो.

वरपासून खालपर्यंत गेलेली एक उभी रेघ मेनूवरही दिसत असेल, तर पॅनेलच्या कडेचा सूक्ष्म जोड सुटलेला असतो. तिथे दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळ जातो, म्हणून रेघेसह काम चालतंय का ते आधी ठरवावं. बाकी बहुतेक प्रसंगी पोतं बांधण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: केबल काढल्यावर पाटी आली का, टॉर्चमध्ये अक्षरं दिसली का, दुसऱ्या केबलने फरक पडला का. हा कागद दाखवला की कारागिराचा वेळ वाचतो आणि गरज नसलेला भाग आपल्या माथी मारणंही त्याला अवघड जातं.