एकल माता आणि माजी सैनिक : प्रेमकथेतील संरक्षण व विवाहातील हक्क

प्रस्तावना :

समकालीन प्रेमकथांत एक जोडी वारंवार आढळते. लहान मुलासह एकटीने संसार ओढणारी स्त्री आणि सैन्यातून परतलेला, तिच्या पाठीशी खंबीरपणे उभा राहणारा पुरुष. 'संरक्षण' हे या कथेचे मध्यवर्ती मूल्य होय. कथा बहुधा विवाहापाशी संपते. प्रत्यक्ष जीवनातील प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतात. पांझरेकाठच्या देवपूरसारख्या वस्तीत अशी जोडी विवाहाचा विचार करू लागली, तर त्या स्त्रीचे काय टिकते आणि काय सुटते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

विवाहसंस्था कालानुसार बदलत आली आहे, हे धुळे येथे १९२६ मध्ये निधन पावलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विवाहसंस्थेच्या इतिहासावरील आपल्या लेखनातून मांडले. विधवेचा पुनर्विवाह ही खानदेशातील बहुजन समाजाला नवी गोष्ट नव्हती. अनेक जातींत 'पाट' लावण्याची रूढी होती. उच्चवर्णीयांत मात्र तो निषिद्ध होता. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवाविवाहास मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

तथापि या कायद्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. पुनर्विवाह होताच मृत पतीच्या मालमत्तेवरील विधवेचा हक्क, जणू ती स्वतःच मृत झाली आहे अशा रीतीने, संपुष्टात येई. तिच्या मुलांसाठी अन्य पालक नेमावा, असा अर्जही पतीच्या नातेवाइकांना करता येई. ज्या जातींत पाटाची रूढी पूर्वापार होती, त्यांनाही मालमत्तेविषयीचा हा नियम लागू असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने मानले. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मत याउलट होते. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. काही विधवांना पुनर्विवाहामुळे वारसाहक्क नाकारणारे हिंदू उत्तराधिकार कायद्यातील कलम २४ देखील २००५ मध्ये वगळण्यात आले.

सैनिक आणि पुनर्विवाह :

शिपाई दर्जाच्या जवानास साधारणतः पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यामुळे अनेक जवान पस्तिशी-चाळिशीतच गावी परततात आणि आयुष्याचा दुसरा डाव मांडण्याइतके तरुण असतात. निवृत्तीनंतर विवाह केलेल्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. मात्र अशा विवाहाची नोंद सेवा-अभिलेखात वेळीच करून घेणे अगत्याचे असते.

एकल माता स्वतः सैनिकाची विधवा असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. शौर्यपदकाबरोबरचा आर्थिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केला तरच तो चालू राही. म्हणजे विधवेने कोणाशी विवाह करावा, याचे मूल्य शासनाने नकळत ठरवून दिले होते. संरक्षण मंत्रालयाने ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली.

मुलाचे स्थान :

प्रेमकथेत नायक मुलाला जवळ घेतो आणि पिता होतो. कायद्यात असे आपोआप घडत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार 'पिता' या संज्ञेत सावत्र पित्याचा समावेश नाही. वडिलांच्या पश्चात आई हीच नैसर्गिक पालक असते. सावत्र पित्याला कायदेशीर पितृत्व हवे असल्यास रीतसर दत्तकविधान करावे लागते. आई घटस्फोटित असेल, तर तिच्या स्वतःच्या पोटगीवर पुनर्विवाहाचा परिणाम होऊ शकतो. जन्मदात्याकडून पोषण मिळण्याचा मुलाचा हक्क मात्र त्यामुळे संपत नाही.

२८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भात महत्त्वाचा निर्णय दिला. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईला, एकमेव नैसर्गिक पालक या नात्याने, मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. कागदपत्रांत नव्या पतीचा उल्लेख 'सावत्र पिता' असा करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मुलाच्या मनावर आघात करणारा असल्याचे नमूद करून तो रद्द केला. शाळेच्या दाखल्यावरील एक शब्द मुलाला आयुष्यभर बोचू शकतो, याची ही जाण होय.

सामाजिक वास्तव :

कायदा बदलला तरी रूढी लगेच बदलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. विसाव्या शतकानंतरही कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, असा ठराव करावा लागतो, यातच परिस्थितीचे गांभीर्य दिसून येते. अशा वातावरणात पुनर्विवाह करू पाहणाऱ्या स्त्रीचे धैर्य सीमेवरील धैर्यापेक्षा कमी प्रतीचे मानता येत नाही.

समारोप :

माजी सैनिकाची संरक्षकवृत्ती हा निःसंशय गुण आहे. परंतु दीड शतकाचा इतिहास असे सांगतो की, संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीची मालमत्ता, तिचे मूल आणि तिची निवड यांवरच बहुधा ताबा सांगितला गेला. म्हणून एकल मातेला सांभाळणारा पुरुष मिळाला की कथा सुफळ झाली, असे मानणे अपुरे ठरते. पुनर्विवाहानंतरही निवृत्तिवेतन, पालकत्व आणि मुलाचे नाव यांविषयीचा निर्णय तिच्याच हाती राहिला आणि तो जोडीदाराने मनापासून मानला, तरच त्या संरक्षणाला प्रेम म्हणता येते.